हायड्राची खेचरं, सँटोरिनीच्या पायऱ्या आणि आमचे अण्णा

शुक्रवार, पुणे-मुंबई-अथेन्स

ग्रीसला जाऊया जाऊया असं आमच्या घरात बरेच दिवस नुसतं चाललेलं, शेवटी यंदा अनंत चतुर्दशी झाली की निघायचंच असं बायकोने जाहीर केलं आणि तिच्या वडलांनाही न्यायचं ठरलं. अण्णांना विचारलं तुम्हाला काय बघायचंय, तर म्हणे बाकी तुम्ही काय ते बघा, मला ते गाड्या नसलेलं बेट दाखवा. कुणीतरी त्यांना व्हॉट्सअपवर व्हिडिओ पाठवला होता, बंदरावर खेचरं उभी आहेत आणि एकाच्या पाठीवर चक्क फ्रिज बांधलाय. माईंना पण चला म्हणलं होतं, पण त्यांचं उत्तर तयार, जन्मभर ह्यांच्या गाढवांच्या गोष्टी ऐकल्या, आता पासपोर्ट काढून परत तीच बघायला मी नाही येत.

अण्णांचं गाढवप्रेम उगाच नाहीये. ते मूळचे कसब्यातल्या कुंभारवाड्यातले. नोकरी खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत केली, पण लहानपण सगळं गाढवांमागे गेलं. नदीकाठची माती घरी आणायची गाढवावर, उन्हाळ्यात माठ आणि दिवाळीआधी पणत्या मंडईत पोचवायच्या त्याही गाढवावर. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा कुंभार वेशीपर्यंत पाणी आलं, तेव्हा वडलांनी आधी गाढवं सोडली आणि मग भांडीकुंडी बघितली हे आम्ही प्रत्येक १२ जुलैला ऐकतो. पुढे त्यांचे बरेच भाऊबंद मुंढव्याला केशवनगरात गेले, अण्णा खडकीला आले, गाढवं संपली.

प्रवासाबद्दल काय लिहिणार, एक्सप्रेसवेवर ट्रॅफिक, एअरपोर्टवर रांग, मध्ये एका ठिकाणी विमान बदललं. बाकरवडीची दोन पाकिटं अथेन्सच्या आधीच संपली.

शनिवार, अथेन्स

दिवसभर अ‍ॅक्रोपोलिस. सप्टेंबर असून ऊन असलं की विचारू नका, संगमरवर घासून घासून गुळगुळीत झालाय, अण्णांचा एक हात कायम माझ्या खांद्यावर. पार्थेनॉनबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं म्हणून मी इथे फक्त खेचराचं सांगतो. इ. स. पू. पाचव्या शतकात हे देऊळ बांधताना दगड वाहायला खेचरं होती. त्यातलं एक म्हातारं झालं म्हणून कामावरून सोडून दिलं, तर ते आपलं रोज परत यायचं आणि ओझं वाहणाऱ्या बाकीच्यांच्या सोबतीने चढ चढायचं. अथेन्सवाल्यांना त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ठराव केला, हे खेचर धान्याच्या पाटीत तोंड घालायला आलं तर दुकानदारांनी हाकलायचं नाही. ही गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलीये, वय ८० होतं म्हणतो. ८० जरा जास्तच वाटतंय, पण ते जाऊ दे.

अण्णांना सांगितलं तर ते खूश. म्हणाले, "म्हणजे पेन्शनर झाल्यावर पण गेटवर जाऊन उभं राहायचं. आमच्या फॅक्टरीत पण होते असे."

रविवार, हायड्रा

सकाळी पिरेयस बंदर. एअरपोर्टपासून थेट इथपर्यंत मेट्रो येते, सामान असलं तरी सोपं आहे. हायड्राची बोट साधारण दोन तास घेते, मध्ये पोरोसला थांबते. बोट बंद असते, डेकवर वारा खात उभं राहू वगैरे कल्पना असतील तर सोडून द्या, खिडकीतून बघायचं.

उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हॉर्न नाही. हडपसरच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. घोड्याच्या नालेसारखं वळलेलं बंदर, मागे उभ्या डोंगरावर घरांवर घरं आणि मध्ये सगळ्या पायऱ्यांच्या गल्ल्या. ह्या बेटावर कार, मोटारसायकल कायद्यानेच बंद आहेत. कचऱ्याचा ट्रक, आगीचा बंब, अ‍ॅम्ब्युलन्स असे अपवाद सोडले तर चाकावर काही नाही, बंदरापुरत्या हातगाड्या तेवढ्या. लोकवस्ती दोनेक हजार. एकेकाळी हे बेट जहाजवाल्यांचं, १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात हायड्राच्या जहाजांनी मोठं काम केलं, ते दगडी वाडे त्याच जहाजमालकांचे. नंतर जहाजांचा धंदा बसला, मग कलाकार मंडळी आली. कॅनडाचा लेनर्ड कोहेन, तोच गाणारा, त्याने १९६० साली इथे घर घेतलं. बायकोला ते घर बघायचं होतं, आम्हाला सामान वर न्यायचं होतं.

हॉटेल वर. म्हणजे खरंच वर. फोनवर बाई म्हणाल्या होत्या दहा मिनिटं, पण ती त्यांची दहा मिनिटं. तीन बॅगा, अण्णांचे गुडघे, दीडशेच्या वर पायऱ्या, त्यामुळे अडला हरी. बंदराच्या कोपऱ्यावर लाकडी खोगीर घातलेली जनावरं ओळीत उभी होती, आसपास टुरिस्ट "डाँकी डाँकी" करत फोटो काढत होते.

"जावईबापू, ह्यातलं एकच गाढव आहे," अण्णा म्हणाले. "ते कडेचं. बाकी सगळी खेचरं. शेपटी बघा ना."

गाढवाच्या शेपटीला फक्त टोकाला गोंडा असतो, खेचराची शेपटी घोड्यासारखी केसाळ. कानही थोडे आखूड. बाप गाढव आणि आई घोडी, त्यामुळे उंची आणि ताकद आईची, काटकपणा बापाचा. पण खेचराला पिल्लू होत नाही, एक म्हातारं झालं की दुसरं विकतच आणावं लागतं. पोस्टकार्डावर गाढव, मग्नेटवर गाढव, टीशर्टवर गाढव आणि प्रत्यक्ष ओझं वाहतंय खेचर, असा इथला सगळा कारभार.

बॅगा चढवल्या त्या बघण्यासारख्या होत्या. दोन मोठ्या बॅगा दोन बाजूंना, तिसरी मध्ये आडवी, दोरी दोनदा फिरवून एकच गाठ. मालकाने एक बॅग उचलून हातावर तोलली, दुसरी तोलली, परत उतरवली आणि आमच्या हलक्या बॅगेत शेजारच्या टपरीवरून आणलेली पाण्याची मोठी बाटली कोंबली. अण्णा लगेच माझ्याकडे वळून, बघितलंत? दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर खोगीर फिरतं आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पोटाला कापतो. भाव मात्र आधी ठरवून घेतला, ते बरं असतं.

सोमवार, हायड्रा

खरी गंमत सकाळी सातला. टुरिस्ट झोपलेले असतात तेव्हा समोरच्या किनाऱ्यावरून मालाची बोट येते आणि धक्क्यावर जे उतरतं ते म्हणजे बेटाचं अख्खं किराणा दुकान. पाण्याचे क्रेट, टोमॅटो, सिमेंट, वाळूच्या गोण्या, हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे, गॅसचे सिलिंडर, एक कमोड, एक भली मोठी काच गादीत गुंडाळलेली. खेचरं तीन-तीन चार-चार एकामागे एक दोरीने जोडलेली, पुढच्यावर मालक एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेला, मोबाइलवर बोलतोय, आणि मागची आपापली येतायत. पायऱ्यांवर नाला वाजतात तो टकटक आवाज आधी येतो आणि मग वळणावरून सिमेंट येतं.

आम्ही एका सिमेंटच्या लायनीमागे चालत गेलो. एका जागी गटाराचं झाकण नवीन बसवलेलं, चकचकीत. पहिलं खेचर तिथे येऊन थांबलं. मालकाने ओढलं नाही, मारलं नाही, सिगरेट काढली. खेचराने मान खाली घालून झाकण हुंगलं, एक पाय ठेवून बघितला, मागे घेतला. मिनिटभर गेला असेल. मग झाकणाच्या कडेकडेने आपलं आपण गेलं, मागची तिन्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकून.

"घोडा असता तर बिथरून पळाला असता, सिमेंट खाली," अण्णा म्हणाले. "गाढव आणि खेचर घाबरलं की थांबतं. लोक म्हणतात अडेल आहे. अहो ते विचार करतंय."

वर एका बांधकामाजवळ माल उतरवताना अण्णांची आणि त्या मालकाची ओळख झाली. साठीचे असतील ते, डोक्याला टोपी, पायात जाड बूट. त्यांना इंग्रजी जेमतेम, अण्णांना इंग्रजी फॅक्टरीपुरतं, ग्रीक आणि मराठीचा तर प्रश्नच नाही. अण्णांनी हातानेच विचारलं, बघू का? त्यांनी मान हलवली. मग अण्णांनी जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आधी बाजूने जाऊन मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला, काहीच केलं नाही. मग हात सरकवत खोगिराखाली घातला, लाकूड पाठीच्या कण्यावर टेकतंय की दोन्ही बाजूंच्या मांसावर हे बघितलं. कण्यावर टेकत नव्हतं, खाली लोकरीचा जाड नमदा होता. मग शेपटीखालून जाणारी दुमची, म्हणजे खोगिराचा मागचा पट्टा, उचलून बघितली, तिथे कातड्याभोवती मऊ कापड गुंडाळलेलं. मग पुढचा पाय उचलून खूर. आणि शेवटी खालचा ओठ अंगठ्याने खाली करून दात.

दात बघून अण्णांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा. मालकाने मान मागे टाकून नाही म्हणलं (ग्रीकांचं नाही असंच असतं, भुवया वर, मान मागे) आणि बारा दाखवले. अण्णांनी परत ओठ खाली केला, नीट बघितलं आणि कबूल केलं. दोघं हसायला लागले. पुढे अर्धा तास दोघांचं काय चाललं होतं देव जाणे, पण आम्हाला त्यांच्या खर्चाने कॉफी मिळाली आणि बदामाची ती पांढरी मिठाई, अमिग्दालोता म्हणतात, इथली खासियत आहे, गुलाबपाण्याचा वास येतो.

हे दात प्रकरण समजायला जेजुरी माहीत पाहिजे. पौष पौर्णिमेला जेजुरीत खंडोबाच्या यात्रेत बंगाली पटांगणावर गाढवांचा बाजार भरतो, फार जुना. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार, परीट असे सगळे ज्यांचं पोट गाढवावर चालायचं ते महाराष्ट्रभरातून येतात, गुजरातेतून काठेवाडी गाढवं येतात, ती उंच आणि पांढरट, गावठीपेक्षा भाव जास्त. आणि सगळा सौदा दातांवर. दुधाचे दात असलेला तो कोरा, दोन पक्के दात आले की दुवान, चार आले की चौवान, सगळे आले की अखंड जवान. अडीच-तीन वर्षांचं झालं की पहिली जोडी पडून नवी येते, पाचाच्या आसपास तोंड पूर्ण होतं, त्याच्या पुढे दात किती झिजले त्यावरून अंदाज. अण्णा वडलांबरोबर जेजुरीला चालत जायचे, येताना एखादं नवीन जनावर घेऊन यायचे, आणि घरी आल्यावर आजी त्याला हळद-कुंकू लावायची. इकडे आपल्याकडे गाढवाचं नाव अपमानालाच. आमच्या पुण्यावरच तर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवला होता, आणि नंतर जिजाऊंनी जमीन परत कसवली. अण्णांचं घर होतं त्याच भागात, कसब्यात.

दुपारी बायको आणि मी शेजारच्या कामिनी गावापर्यंत समुद्राच्या कडेने चालत जाऊन पोहलो. अण्णा धक्क्यावर. संध्याकाळी आलो तर म्हणाले आज खाली-वर किती फेऱ्या झाल्या मोजलंय. आकडा मी विसरलो, त्यांनी तीन वेळा सांगूनही.

मंगळवार, परत पिरेयस

फार काही नाही. सकाळी कोहेनचं घर शोधलं, बाहेरून बघितलं, पांढरी भिंत आणि दार. बाजूने कचऱ्याच्या पिशव्या घेऊन एक खेचर गेलं. दुपारची बोट. रात्री पिरेयसमध्ये जेवण, अण्णांनी पाव आणि दही खाल्लं, शेंगदाण्याची चटणी घरची.

बुधवार, बोटीत

सँटोरिनीची मोठी बोट सकाळी लवकर सुटते आणि आठेक तास लागतात. महाग वाली लवकर पोचते पण हिला डेक आहे, वारा आहे, मधली बेटं दिसतात, नाक्सोसला निम्मी बोट रिकामी होते. वेळ होता म्हणून मी मोबाइलवर अण्णांना आकडे वाचून दाखवले. २०१२ च्या पशुगणनेत भारतात गाढवं होती साधारण ३ लाख २० हजार, २०१९ च्या गणनेत उरली साधारण १ लाख २४ हजार. सात वर्षांत ६१ टक्के कमी. अण्णांना धक्का वगैरे काही बसला नाही. जेसीबी आला, टेम्पो आला, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, परटाकडे कपडे देणारे घरी मशीन घेऊन बसले, गाढव कुणाला पाहिजे. मी म्हणलं कातड्याचा पण व्यापार आहे, चीनमध्ये कातडं उकळून औषधाचं जिलेटिन करतात, त्यापायी आफ्रिकेत इतकी गाढवं मारली गेली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने त्यावर बंदीच घातली. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गाडी बंद केली म्हणून त्या बेटावर खेचर राहिलं. प्रेमाने नाही राहिलं. काम आहे म्हणून राहिलं."

दुपारी सँटोरिनी. बोट ज्वालामुखीच्या पोटात शिरते, म्हणजे साधारण ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून मधला भाग खचला आणि आत समुद्र शिरला, त्या कड्याच्या काठावर पांढरी गावं. फोटो तुम्ही बघितलेलेच असणार. बंदरावरून बस नागमोडी रस्त्याने वर जाते, ड्रायव्हर आपल्या वरंध घाटातला असावा.

गुरुवार, फिराच्या पायऱ्या

फिरा हे मुख्य गाव कड्यावर आणि जुनं बंदर बरोबर खाली. क्रूझचे लोक छोट्या बोटींनी ह्या जुन्या बंदरात उतरतात आणि वर यायला तीन मार्ग. केबल कार, साधारण तीन मिनिटं. चालत, ५८८ पायऱ्या, कुणी ५८७ म्हणतं. किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. केबल कार यायच्या आधी माणसं, द्राक्षं, पीठ, सगळं ह्याच वाटेने जनावरावर वर जायचं, त्यामुळे परंपरा वगैरे म्हणतात ते खोटं नाहीये.

अण्णांचे गुडघे म्हणून आम्ही चालत फक्त उतरायचं आणि केबल कारने वर यायचं ठरवलं. पायऱ्या बुटक्या, रुंद, दगड पार गुळगुळीत, त्यावर लीद आणि मूत, आणि उन्हाने तो वास वर येतोय. चपला घालून आलेल्या एका बाई आमच्यासमोर बसल्याच खाली. अण्णा मात्र लिदीकडे बघून हळहळत होते. "एवढी लीद! वडलांनी एक पाटी सोडली नसती." कुंभार मातीत लीद आणि राख मिसळतात, भाजताना लीद जळते, बारीक छिद्रं राहतात, मडकं तडकत नाही आणि पाणी गार होतं. मी पन्नाशीला आलो, फ्रिजच्या आधी जन्मभर माठाचं पाणी प्यायलो आणि हे मला सँटोरिनीच्या पायऱ्यांवर कळलं.

वळणावळणावर गाढवं-खेचरं बांधलेली, कपाळावर रंगीत मण्यांच्या झालरी, खोगिरावर चटया. "डाँकी? डाँकी अप?" चालू. आम्ही उतरत असताना वरून रिकामा कळप खाली आला, मागे एक पोरगा काठी आपटत, माणसांनी भिंतीला चिकटायचं. तो पोरगा शेवटच्याच्या ढुंगणावर काठी मारतच होता, गरज नसताना. अण्णा त्याच्याकडे बघत उभे राहिले, त्याने थांबवलं नाही.

२०१८ मध्ये ह्या पायऱ्यांवरचे फोटो जगभर गाजले, जाडजूड पर्यटक आणि खाली वाकलेलं गाढव. त्यानंतर ग्रीक सरकारने नियम काढला की जनावरावर १०० किलोच्या वर किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर ओझं घालायचं नाही. बायकोने तिथेच हिशोब मांडला. दोनशे किलोचं गाढव धरलं तर पाचवा हिस्सा ४० किलो. "तुझे ८४. म्हणजे दोन गाढवं केली तरी चार किलो उरतातच." गाढव सोडा, ४० किलोत आमच्या सोसायटीतली सातवीच्या पुढची पोरंही बसत नाहीत. खेचर मोठं असतं, साडेतीनशेचं धरलं तर ७० किलो. म्हणजे नियम नीट पाळला तर निम्म्या लोकांना बसताच येणार नाही, आणि आम्ही होतो तेवढ्या वेळात तरी कुणाला वजन विचारलेलं दिसलं नाही.

अण्णांचं म्हणणं वेगळंच निघालं. खाली कठड्यावर बसून पाणी पिताना म्हणाले, किलोचं सोडा. सिमेंटची गोणी हलत नाही. माणूस हलतो. वळून फोटो काढतो, घाबरून एका बाजूला झुकतो, पाय ताठ करतो, आणि पायरीवर प्रत्येक झोका जनावराच्या पाठीत जातो. त्यांनी येताना दोन-तीन ठिकाणी वाकून बघितलं होतं, एकाच्या दुमचीखाली कातडं सोललेलं, एकाच्या छातीला पट्ट्याचा घट्टा, पण दोन मात्र एकदम उत्तम, खूर नीट कापलेले, डोळे स्वच्छ. मालकामालकावर आहे म्हणे.

मी म्हणलं, अण्णा, पण शेजारीच केबल कार आहे की. तीन मिनिटांत वर. म्हणजे ह्या जनावरांची इथे गरजच नाही, फोटोपुरती ठेवलीयेत. हायड्रात त्या म्हाताऱ्याचं खेचर लंगडलं तर कुणाचं तरी बाथरूम अडतं, इथे लंगडलं तर पुढचं घ्यायचं. हे बंदच केलं पाहिजे.

"बंद करा," अण्णा म्हणाले. "मग ही कुठे जाणार ते पण सांगा. गाढव पंचवीस-तीस वर्षं जगतं. आमच्याकडे टेम्पो आला तेव्हा एका वर्षात कुंभारवाड्यातली सगळी गेली. कुठे गेली कुणी विचारलं? मी पण नाही विचारलं."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाहीये. प्राणीप्रेमी संघटना ह्या जनावरांसाठी भांडतात, उपचार करतात, ते चांगलंच आहे, त्यांच्यामुळेच तो नियम झाला. पण बंदी घालून मोकळं होणं आणि त्या जनावराला त्याच्या म्हातारपणापर्यंत चारा मिळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे पैसे कोण भरणार हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. मी स्वतः बसणार नाही, एवढं नक्की. आम्ही केबल कारने वर आलो.

संध्याकाळी जेवताना मेनूवर यलो डाँकी, रेड डाँकी, क्रेझी डाँकी. इथल्या ब्रुअरीची बिअर आहे ही. अण्णा घेत नाहीत, लेबल मात्र नीट बघितलं आणि म्हणाले, हे खरं गाढव काढलंय, शेपटीला गोंडा आहे.

शुक्रवार, इया आणि अक्रोतिरी

इया ह्या गावाला सूर्यास्त बघायला अख्खं जग येतं, आम्ही सूर्योदयाला गेलो. रस्त्यावर माणूस नाही. आणि निळ्या घुमटांच्या त्या जगप्रसिद्ध गल्लीत समोरून काय आलं तर सिमेंट. तीन खेचरं, दोन्ही बाजूंना गोण्या, एकाच्या पाठीवर विटा. हॉटेलं वाढवायचं काम सुरू असतं आणि ह्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, त्यामुळे पर्यटक उठायच्या आत माल आत आणि राडारोडा बाहेर. मण्यांची झालर नाही, चटई नाही. बायको फोटो काढायला गेली तर तिला हाताने बाजूला केलं, वाट सोडा म्हणून. अण्णा एकदम खुलले. पार शेवटच्या चौकापर्यंत त्यांच्यामागे गेले आणि आम्ही त्यांना शोधत बसलो.

नंतर अक्रोतिरी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव, खोदकाम १९६७ पासून, आता वर मोठं छप्पर आहे. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याची गटारं, आणि खोल्याखोल्यांत मोठाले रांजण. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, लोक आधीच निघून गेले असावेत. अण्णा रांजणांपाशी अडकले. हे चाकावरचे नाहीत, म्हणाले, मातीच्या वळ्या एकावर एक बसवून केलेत, बाहेरच्या उभारीवरून कळतं, आणि खालचा भाग वाळल्यावरच वरचा चढवलाय नाहीतर बसला असता. शेजारची गाईड मुलगी तिच्या ग्रुपला इंग्रजीत नेमकं तेच सांगत होती. बायकोने वडलांना ते भाषांतर करून सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली, त्यात काय एवढं.

शनिवार, परतीचा प्रवास

विमानतळावर बसून हे लिहितोय. जाणाऱ्यांसाठी थोडं. हायड्रा एका दिवसात बघून परत जाऊ नका, रात्र राहा, मालाची बोट सकाळची असते आणि दहानंतर फक्त फोटोवाली खेचरं उरतात. बंदरापासून लांब हॉटेल घेतलंत तर सामानासाठी खेचर लागणार, पैसे आधी ठरवा आणि बॅग चाकांची नको, दोन हलक्या मऊ बॅगा एका जड बॅगेपेक्षा बऱ्या, मालकाला बांधायला सोपं जातं. फिराच्या पायऱ्या क्रूझ यायच्या आत उतरा, बूट घालून, आणि कळप आला तर भिंतीच्या बाजूला व्हा, दरीच्या कठड्याच्या बाजूला नाही. चढायला केबल कार, क्रूझ असेल त्या दिवशी तासभर रांग धरून चाला.

आणि ज्यांना एवढ्या लांब जायचं नाही त्यांनी पौष पौर्णिमेला जेजुरीला जाऊन या. स्वारगेटहून एसटी आहे. बाजार सकाळी लवकर बघा, उन्हं चढली की सौदे संपत येतात. अण्णा येणार आहेत, दुवान-चौवान समजून घ्यायचं असेल तर त्यांना विचारा, मात्र घरी जायची घाई असेल तर विचारू नका.